नॅप्रोक्सेनचा एस्टर त्वचेतून खाली उतरतच नाहीये. प्रोड्रगवर काम केलेल्यांनी मार्ग सुचवावा

फार्मा_सदाशिवपेठ

नमस्कार. मी पुण्यात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्मास्युटिक्स. प्रकल्प आहे नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाचं प्रोड्रग (शरीरात तुटून मूळ औषध देणारा रेणू) बनवून त्वचेतून त्याचं शोषण वाढवायचं.

विषय मीच मागून घेतला. माझी आई पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटेपासून कणीक मळायची, दुपारपर्यंत पोळ्या. उजवं मनगट आणि अंगठ्याचं मूळ सतत ठणकतं. वेदनाशामक गोळ्यांनी तिला अल्सर झाला, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद करून फक्त वरून लावायचं जेल दिलं. पण जेल लावलं की हात कणकेत घालता येत नाही, आणि कणकेत घालायचा तर आधी साबणाने धुवावा लागतो. औषध आत जायच्या आधीच मोरीत जातं. तेव्हापासून डोक्यात आहे की रेणूच असा करावा, जो लवकर आत शिरेल आणि आत गेल्यावर पुन्हा नॅप्रोक्सेन होईल.

आतापर्यंत दोन एस्टर (आम्लाला अल्कोहोल जोडून झालेले रेणू) केले आहेत: मिथिल एस्टर, आणि मेंथॉल जोडून केलेला एस्टर. मेंथॉल स्वतः शोषण वाढवतं, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी असा विचार होता. दोन्हींचा लॉग पी (पाण्यापेक्षा चरबीत विरघळण्याचा कल) नॅप्रोक्सेनपेक्षा बराच जास्त आहे आणि त्वचेचा अडथळा चरबीचा, म्हणजे फ्लक्स (त्वचेतून औषध जाण्याचा वेग) वाढायला हवा. डुकराच्या कानाची त्वचा, फ्रान्झ सेल (त्वचेच्या वर औषध आणि खाली द्रव ठेवायचं काचेचं भांडं), खाली ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, २४ तास. साधं नॅप्रोक्सेन खाली येतं, थोडं पण नीट मोजता येईल इतकं. मिथिल एस्टरचं अगदी नावापुरतं. मेंथॉलवाल्याचं काहीच नाही: एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) एस्टरचा पीक नाही, सुट्या नॅप्रोक्सेनचाही नाही.

गाइड म्हणतात उंदराची त्वचा घेऊन बघ. मला आधी कारण कळायला हवंय. कुठे बघू?

पाषाणरोड

दोन गोष्टी लगेच तपासा. पहिली, खालच्या बफरमध्ये तुमचा एस्टर विरघळतो का? इतका तेलकट रेणू नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये उतरणारच नाही, त्वचेच्या खालच्या बाजूला चिकटून बसेल आणि तुम्हाला वाटेल आलाच नाही. बफरमध्ये थोडं इथेनॉल किंवा बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतही खालचा द्रव औषध सामावून घेणारा असावा अशीच अपेक्षा आहे.

दुसरी, कान कुठून आणता? कत्तलीनंतर केस काढायला डुक्कर कढत पाण्यात बुडवतात. तसा कान असेल तर त्वचेचा अडथळा आधीच गेलेला असतो आणि कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही.

फार्मा_सदाशिवपेठ

कान कॅम्पातल्या एका पोर्कवाल्या काकांकडून आणते. पाण्यात बुडवायच्या आधीचेच कापून ठेवा असं सांगून ठेवलंय, मी सकाळी लवकर बर्फाचा डबा घेऊन जाते. त्वचा शाबूत आहे ना हे कळायला प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध मोजूनच सेलवर चढवते. खाली अल्ब्युमिन घालून मेंथॉल एस्टर परत लावला. तरी काही नाही.

मलमवाली

उत्तर लांबेल, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी बरीच वर्षं पुण्याजवळच्या औषध कारखान्यात मलमं, जेल, क्रीम यांच्या विकास विभागात होते. आता शिकवते.

तुझे सेल बरोबर चालले आहेत. तू रेणूला जे सांगितलंस तेच तो करतोय. चरबीत राहा म्हणालीस, तो चरबीत राहिला.

त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा. मेलेल्या चपट्या पेशी आणि त्यांच्यामधल्या फटी भरणारे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. औषधाची वाट मुख्यतः या फटींतून जाते, म्हणून चरबीत विरघळणं हवंच. पण त्याच्या खाली लगेच जिवंत एपिडर्मिस आहे, आणि ती पाण्याची दुनिया आहे. वरच्या थरातून सुटून त्या पाण्यात उतरल्याशिवाय रेणू कुठेच पोचत नाही. मेंथॉलवाला रेणू पहिल्या थरात आनंदाने शिरतो आणि उंबरठ्यावरच बसून राहतो.

आता आकडे मांडू. पॉट्स आणि गाय या संशोधकांचं १९९२ चं समीकरण तू वाचलं असशीलच: पारगम्यता गुणांकाचा (रेणू त्वचेतून किती सहज जातो त्या मापाचा) लॉग म्हणजे उणे २.७, अधिक ०.७१ गुणिले लॉग पी, वजा ०.००६१ गुणिले रेणूभार, एकक सेंमी प्रति तास. नॅप्रोक्सेनचा रेणूभार २३० आणि लॉग पी ३.१८. गुणांक येतो साधारण ०.०१४. मेंथॉल एस्टरचा रेणूभार ३६८, लॉग पी आपण साडेसहा धरू. गुणांक ०.४५ च्या आसपास, म्हणजे तीसपट वाढला! इथेच सगळे खूश होतात आणि सिनॉप्सिस लिहितात.

पण त्वचेतून प्रत्यक्ष किती औषध गेलं हे नुसत्या गुणांकावर ठरत नाही. गुणांक गुणिले विद्राव्यता, तेव्हा जास्तीत जास्त फ्लक्स मिळतो. आयन न झालेलं नॅप्रोक्सेन पाण्यात मिलिलिटरला १६ मायक्रोग्रॅमच्या आसपास विरघळतं. त्याला ०.०१४ ने गुण: दर चौरस सेंटिमीटरला तासाला ०.२ मायक्रोग्रॅमहून थोडं जास्त. मेंथॉल एस्टरची पाण्यातली विद्राव्यता एक शतांश मायक्रोग्रॅम जरी धरली, आणि तेही मी हात सैल सोडून धरतेय, तरी गुणाकार येतो ०.००४५. म्हणजे फ्लक्स पन्नासपट खाली. शिवाय इतक्या तेलकट रेणूला हे समीकरण फारच उदार वागवतं, कारण खालच्या पाणथळ थराचा अडथळा ते मोजतच नाही. तुझ्या एचपीएलसीला काही दिसलं नाही ते उगाच नाही.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या केनेथ स्लोन यांनी हे अनेक वर्षं पुन्हा पुन्हा दाखवून दिलं. त्यांनी ५-फ्लुरोयुरॅसिलसारख्या औषधांच्या प्रोड्रगच्या मालिकाच्या मालिका केल्या, एकेक कार्बन वाढवत. लक्षात काय आलं? मालिकेतला सगळ्यात तेलकट सदस्य कधीच पहिला येत नाही. जो चरबीत मूळ औषधापेक्षा बरा आणि पाण्यातही मालिकेतल्या इतरांपेक्षा बरा, तो पहिला येतो, आणि तो बहुतेक वेळा आखूड साखळीचा असतो. हे निष्कर्ष इतके जुने असूनही आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी लॉग पी वाढवला की झालं असं समजून लांब साखळीचे एस्टर करतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. मुलं वर्षभर राबतात, आणि हा गुणाकार कागदावर दहा मिनिटांत होतो.

आता एस्टर करायचाच कशाला, तेही नीट समजून घे. नॅप्रोक्सेनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो, ४.१५. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच पाचच्या आसपास, आत गेलं की ७.४. साडेपाचला जेमतेम चार टक्के रेणू आयन न झालेले उरतात, आणि ७.४ ला अठराशेत एखादा. आयन झालेल्याला चरबीच्या फटी जवळ करत नाहीत. कार्बोक्सिल गट झाकला की ही अडचण संपते. आणखी एक फायदा, जो फारसं कोणी लिहीत नाही: आम्लाचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून पक्का स्फटिक करतात, म्हणून नॅप्रोक्सेन वितळतं दीडशेच्या वर. झाकल्यावर ते बंध जातात, वितळबिंदू उतरतो, आणि सगळ्याच द्रावकांत विद्राव्यता सुधारायला मदत होते. तेव्हा झाकणं बरोबर आहे. झाकायला काय वापरलंस, प्रश्न तिथे आहे.

एक प्रयोग कर, म्हणजे गाइडसमोर ठेवायला पुरावा होईल. २४ तास झाले की त्वचा सेलवरून काढ, वरचं उरलेलं औषध पुसून घे, आणि चिकटपट्टीने एकेक थर काढत जा. पहिल्या एकदोन पट्ट्या फेक, त्यावर पृष्ठभागावरचंच औषध असतं. बाकीच्या पट्ट्या आणि खाली राहिलेली त्वचा वेगवेगळी अॅसिटोनायट्राइलमध्ये काढून मोज.

आणि उंदराच्या त्वचेकडे जाऊ नकोस. प्राणी समितीची परवानगी वगैरे बाजूला ठेव, पण ती त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा जास्त सच्छिद्र, शिवाय उंदराच्या शरीरात कार्बोक्सिलएस्टरेज हे एस्टर तोडणारं एन्झाइम भरपूर. उंदराच्या प्लाझ्मामध्ये ते खच्चून असतं, माणसाच्या प्लाझ्मामध्ये नसतंच. तिथे तुझा एस्टर सुंदर तुटेल, सुंदर आलेख येईल, आणि तो आलेख माणसाबद्दल काही सांगणार नाही.

फार्मा_सदाशिवपेठ

मॅडम, मनापासून आभार. पट्ट्यांचा प्रयोग लगेच केला. मेंथॉल एस्टर जवळजवळ सगळा पट्ट्यांवर सापडला. खालच्या त्वचेत अगदी किंचित, तोही न तुटलेला. मिथिल एस्टर मात्र खालच्या त्वचेत आहे, आणि त्यातला काही तुटून नॅप्रोक्सेन झालाय.

मग आता काय जोडू? आणि मेंथॉलवाला तुटत का नाही? एस्टर तर दोन्ही आहेत.

मलमवाली

पट्ट्यांनी बरोब्बर उत्तर दिलं बघ.

तुटत नाही याची कारणं दोन. एस्टर तोडणारी एन्झाइम्स मुख्यतः खालच्या जिवंत एपिडर्मिसमध्ये आणि केसांच्या मुळांभोवती असतात. तिथवर तो पोचतच नाही. आणि पोचला असता तरी अवघड होतं: मेंथॉल हा दुय्यम अल्कोहोल, शेजारीच आयसोप्रोपिल गट, इकडे नॅप्रोक्सेनच्या बाजूलाही मिथिल. बंध दोन्हीकडून गर्दीत अडकलाय, एन्झाइमला हात घालायला जागा नाही. प्रोड्रगमध्ये प्राथमिक अल्कोहोलचा, मोकळा एस्टर हवा.

काय जोडावं याचे दोन चांगले रस्ते आधीच चोखाळलेले आहेत. फिनलंडच्या कुओपिओ विद्यापीठातल्या गटाने २००० च्या आसपास नॅप्रोक्सेनवरच काम केलं. त्यांनी एस्टरच्या टोकाला मॉर्फोलिन किंवा मिथिलपिपराझिन बसवलं. कल्पना फार देखणी आहे. टोकाचा अमाइन सौम्य आम्लारी. पृष्ठभागाच्या आम्ल पीएचला तो प्रोटॉन घेतो आणि रेणू पाण्यात चांगला विरघळतो. पीएच सातकडे सरकला की बराचसा भाग बिनभाराचा होतो आणि चरबीला आपला वाटतो. एकाच रेणूत दोन्ही स्वभाव. त्यांच्या प्रयोगांत माणसाच्या त्वचेतून नॅप्रोक्सेनपेक्षा शोषण स्पष्ट वाढलं होतं.

दुसरा रस्ता इटलीतल्या कातानियाच्या गटाचा: आखूड पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडायच्या. ऑक्सिजन अधूनमधून असल्याने पाणीही जवळचं आणि चरबीही. याच जातीचं एक औषध तर कित्येक वर्षं बाजारात आहे: एटोफेनामेट. फ्लुफेनामिक आम्लाला डायएथिलीन ग्लायकॉल जोडलेला एस्टर, आणि तो वरून लावण्यासाठीच वापरतात. तुला बाजारातलं उदाहरण विचारलं की हे सांग. वेदनाशामक मलमांमध्ये मिथिल सॅलिसिलेट असतं, तेही त्वचेत तुटून सॅलिसिलिक आम्ल होतं, म्हणजे ज्याचा वास प्रत्येक घराला माहीत आहे तेही याच कुळातलं.

पण ग्लायकॉलच्या रस्त्याने गेलीस तर व्हायवाला एक प्रश्न येणार, आणि यायलाच हवा. तुटल्यावर सुटणारा तुकडा कुठला? डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ ला मुंबईत जे.जे. रुग्णालयात हेच ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं होतं, १४ जीव गेले, लेंटिन आयोग बसला. महाराष्ट्रातल्या फार्मासिस्टने हे विसरून चालत नाही. एटोफेनामेटचा रेणूभार ३६९. सगळंच्या सगळं तुटलं असं धरलं तरी वजनाच्या २९ टक्के ग्लायकॉल, आणि त्वचेतून जाणारी मात्राच मुळात मिलिग्रॅममध्ये. धोका मात्रेवर ठरतो. तरी हा हिशेब थीसिसमध्ये आकड्यांसकट लिही. अॅसिलॉक्सिमिथिल जोडणीचंही तसंच, तिथे फॉर्माल्डिहाइड सुटतं. प्रोड्रग म्हणजे दोन औषधं देणं असतं, हे डोक्यात ठेवूनच तुकडा निवडायचा.

मी तुझ्या जागी असते तर मॉर्फोलिनच्या रस्त्याने गेले असते. रेणू लहान ठेव, ५०० डाल्टनच्या बऱ्याच खाली. बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडलेली ती मर्यादा ढोबळ आहे, पण निरोगी त्वचेसाठी ती वारंवार खरी ठरते. सगळ्यात साधा प्रकार घे: नॅप्रोक्सेन, मध्ये दोन कार्बन, टोकाला मॉर्फोलिन. रेणूभार ३४३ होतो.

मग खरी परीक्षा सुरू होईल. ट्यूबमध्ये दोन वर्षं तुटायचं नाही आणि त्वचेत काही तासांत तुटायचं, ही मागणीच विचित्र आहे. म्हणून सेल लावायच्या आधी पीएच ४, ५, ६ आणि ७.४ च्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्धायुष्य काढ. अमाइनवाले एस्टर ७.४ ला आपोआपही तुटतात, आम्ल बाजूला जास्त टिकतात. ते आकडे हातात नसताना सेलमधलं सुटं नॅप्रोक्सेन एन्झाइमने आलं की नुसत्या पाण्याने, हे सांगता येणार नाही. सोबत त्वचेचा होमोजेनेट (बारीक वाटून केलेलं मिश्रण) कर, अर्धा उकळून मारून टाक, आणि दोन्हींत एस्टर घालून तुलना कर. त्वचा ताजी असू दे. ६० अंशांच्या पाण्यात घालून एपिडर्मिस वेगळी केलीस तर एन्झाइमची बरीच ताकद जाते.

आता तुझ्या आईंच्या अडचणीबद्दल. तुझ्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि ती तुझ्या प्रयोगात कुठेच नाही! तू सेलवर औषधाचं तळं करून २४ तास ठेवतेस. आई जेल पातळ लावते आणि तासाभरात धुते. मग तोच प्रयोग कर. चौरस सेंटिमीटरला पाचेक मिलिग्रॅम जेल, एका तासाने साबणाच्या पाण्याने धुवून टाक, आणि सॅम्पल २४ तासांपर्यंत काढत राहा. धुतल्यावरही खाली किती येत राहतं ते बघ. स्ट्रॅटम कॉर्नियम औषधाचा साठा करून ठेवतं हे व्हिकर्स यांनी १९६३ सालीच स्टिरॉइडवर दाखवलं. वरच्या थरात थांबणं हा दोषच असतो असं नाही. थांबून मग हळूहळू खाली सुटणारा रेणू मिळाला, तर पोळ्या करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, दिवसभर हात ओले असणाऱ्या सगळ्यांना तो उपयोगाचा आहे. या बायकांचे हात समोर ठेवून कोणी प्रयोग आखताना मला तरी दिसलं नाही. तू आख.

आणि जेल लावायची जागा: तळव्याच्या बाजूने नको. तळहाताचं स्ट्रॅटम कॉर्नियम शेकडो मायक्रॉन जाड, आणि औषध पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मनगटाच्या पाठीकडून, अंगठ्याच्या मुळाच्या वरच्या बाजूने लावायला सांग. हे आजपासून, आहे त्याच जेलला लागू.

कोथरूड_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मॅडमनी रसायन उत्तम समजावलंय, दवाखान्याच्या बाजूने थोडं.

प्रोड्रगने त्वचेच्या औषधांत काय घडवलं हे बघायचं तर स्टिरॉइडकडे बघा. बीटामेथासोन गोळीत प्रभावी, पण तसंच त्वचेवर लावलं तर कमजोर. रेणूतल्या १७ व्या जागी व्हॅलेरेट एस्टर केला आणि साठच्या दशकात त्वचारोगाचे उपचारच बदलले. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी त्वचा किती पांढुरकी पडते यावरून मलमांचा जोर मोजायची पद्धत दिली, तिच्यामुळे असे एस्टर एकमेकांशी ताडून बघता आले. अर्थात व्हॅलेरेट न तुटताही रिसेप्टरला चांगला बांधला जातो, त्यामुळे तो निव्वळ प्रोड्रग नाही. पण मिथिलप्रेडनिसोलोन अॅसेपोनेट त्वचेत तुटूनच कामाला लागतं. हे औषधशास्त्राचं यश आहे, आणि याच यशातून चेहऱ्यावर गोरेपणासाठी स्टिरॉइड चोपडण्याचा रोगही आला. २०१८ साली १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) घातली तरी आजही माझ्याकडे लाल, पातळ झालेले चेहरे घेऊन मुली येतात. त्वचेत खोल जाणारी गोष्ट बनवताना ती थांबवायची कशी, हाही विचार हवा.

तुम्ही निरोगी त्वचेवर काम करताय ते योग्यच आहे, कारण गुडघा किंवा मनगट दुखणाऱ्याची वरची त्वचा शाबूत असते. एक्झिमाच्या त्वचेत अडथळाच फाटलेला असतो, तिथे हे सगळं गणित बदलतं.

दुसरं, उन्हाचा विचार करा. कीटोप्रोफेनच्या जेलमुळे उन्हात अॅलर्जी उठते, २०१० साली युरोपच्या औषध संस्थेने त्यासाठी फेरतपासणी केली आणि लावलेली जागा उन्हापासून झाका अशी सक्त सूचना ठेवली. नॅप्रोक्सेनही प्रकाशाला संवेदनशील आहे. त्वचेत साठून राहणारा रेणू करायचा तर प्रकाशातली स्थिरता तपासाच.

आणि एक विनंती, जरा कळकळीने. तुमच्या प्रयोगशाळेतलं काहीही आईच्या हाताला लावू नका. शुद्धता, संवेदनशीलता, विषारीपणा, काहीच तपासलेलं नाही. त्यांचा अंगठा आणि मनगट एकदा नीट दाखवा. अंगठ्याच्या मुळाशी स्नायुबंधाचं आवरण सुजलेलं असेल तर अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि थोडी विश्रांती कुठल्याही जेलपेक्षा जास्त काम करते.

फार्मा_सदाशिवपेठ

डॉक्टर, आईला काही लावणार नाही, शब्द देते. शनिवारी ऑर्थोपेडिककडे घेऊन जातेय.

गाइडना पट्ट्यांचे आकडे दाखवले. त्यांनी बराच वेळ कागद बघितला आणि उंदीर रद्द केले. मॉर्फोलिन एस्टरला होकार आहे, धुवून बघायच्या प्रयोगालाही. आता डीसीसी (आम्ल आणि अल्कोहोल जोडणारं रसायन) आणि डीएमएपी (त्याला मदत करणारा उत्प्रेरक) वापरून जोडणी करावी म्हणतेय. कोणी केलंय का?

पाषाणरोड

केलंय. डीसीसीपासून उरणारा युरिया शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. विक्रिया संपली की फ्लास्क बर्फात ठेवा, गाळा, सॉल्व्हंट उडवा, थोड्या थंड इथिल अॅसिटेटमध्ये घेऊन परत गाळा. त्यापेक्षा ईडीसी हे तसंच दुसरं रसायन घेतलंत तर त्याचा युरिया पाण्याच्या धुण्यात जातो, पण तुमच्या पदार्थातही अमाइन आहे, त्यामुळे आम्लाने धुऊ नका, पदार्थच पाण्यात जाईल. बायकार्बोनेटने धुवा, न जोडलं गेलेलं नॅप्रोक्सेनही त्यातच निघेल. ते पूर्ण निघायलाच हवं. एस्टरमध्ये एक टक्का सुटं नॅप्रोक्सेन राहिलं तरी सेलमध्ये ते आधी खाली येईल आणि तुम्ही म्हणाल एस्टर तुटला.

आणखी महत्त्वाचं: तुमचं नॅप्रोक्सेन एस रूपातलं आहे, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकच. कार्बोक्सिलशेजारचा हायड्रोजन आम्लधर्मी आहे, डीएमएपी जास्त पडलं किंवा विक्रिया गरम राहिली तर रेसमीकरण होतं, दोन्ही रूपं मिसळतात. डीएमएपी अगदी थोडं, शून्य अंशांवर सुरुवात, आणि शेवटी ध्रुवणकोन मोजाच. जमलं तर ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या कायरल कॉलमवर एक इंजेक्शन.

पावसाळ्यात डायक्लोरोमिथेन मॉलिक्युलर सीव्हवर ठेवा, गार्ड ट्यूबमधलं कॅल्शियम क्लोराइड रोज बघा, इथल्या दमट हवेत ते दोन दिवसांत ओलं होतं. आणि २४ तासांचे सेल बुधवारी लावू नका. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पाण्याचा पंप थांबतो आणि त्वचा ३२ अंशांवर राहत नाही.

मलमवाली

बायकार्बोनेटचं धुणं थंड आणि झटपट उरकायचं, नाहीतर आम्लारीत एस्टरच तुटायला लागेल. मिळालेलं बहुधा चिकट तेल असेल, ते तसंच ठेवू नकोस. कोरड्या ईथरमध्ये हायड्रोक्लोराइड क्षार करून गाळून घे, पांढरी पूड होते, वजन करायला सोपी आणि डेसिकेटरमध्ये टिकते. जेलसाठी कार्बोपोल हे घट्ट करणारं पॉलिमर घेऊ नकोस: ते आम्लधर्मी, तुझा रेणू धनभारी, दोघं एकमेकांना धरून बसतील, शिवाय ते घट्ट व्हायला पीएच वर न्यावा लागतो. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज घे, पीएच ५ ला सायट्रेट बफर, आणि तुलनेसाठी त्याच जेलमध्ये तितक्याच मोलचं साधं नॅप्रोक्सेन. त्या पीएचला नॅप्रोक्सेन सगळं विरघळणार नाही, काही निलंबित राहील. तसं लिहून ठेव, आणि त्याचं सूक्ष्मदर्शकातून चित्र काढून जोड. बफरमधली अर्धायुष्यं आली की इथेच टाक, मला बघायची आहेत.